‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना मुंबईत बंद पडला’: हे खरं नाही

जुन्या टाइपरायटरचा एक फोटो आणि खाली चार ओळी. हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. गेल्या आठवड्यात तो मला तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. मजकूर साधारण असा: ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना २०११ साली मुंबईत बंद पडला. गोदरेज अँड बॉइस ही टाइपरायटर बनवणारी जगातली अखेरची कंपनी. आशियातला पहिला टाइपरायटरही याच पारशी-इंग्रज भागीदारीतून निघाला होता. संगणक आला, कंपनी काळाबरोबर बदलली नाही आणि टाइपरायटर संपला.’

यातली एकच गोष्ट खरी आहे. गोदरेजनं टाइपरायटर बनवणं थांबवलं. बाकी साल चुकलंय, गाव चुकलंय, ‘शेवटचा’ चुकलंय, ‘पहिला’ चुकलंय, भागीदाराची ओळख चुकली आहे आणि कंपनीबद्दल काढलेला निष्कर्षही चुकला आहे. मी टंकलेखनाच्या मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस (मिनिटाला तितके शब्द) या दोन्ही परीक्षा गोदरेजच्या यंत्रावर दिल्या. त्या दोन प्रमाणपत्रांवर मला लिपिक-टंकलेखकाची नोकरी लागली आणि घर उभं राहिलं. त्यामुळे हा मजकूर वाचून पुढे सरकणं मला जमत नाही.

आधी साल आणि गाव. या दोन्ही चुका एकाच बातमीतून जन्मल्या. एप्रिल २०११ मध्ये मुंबईच्या एका आर्थिक दैनिकात गोदरेजच्या टाइपरायटरविषयी बातमी आली. तिच्यात कंपनीच्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं की २००९ पर्यंत वर्षाला दहा ते बारा हजार यंत्रं बनत होती, आता मागणी फारशी उरलेली नाही आणि काही शे यंत्रंच शिल्लक आहेत. म्हणजे उत्पादन आधीच थांबलं होतं आणि २०११ ची बातमी गोदामातल्या उरलेल्या साठ्याची होती. थोड्याच दिवसांत ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्रानं ती उचलली आणि तिचा मथळा झाला ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’. तिथून ती जगभर गेली आणि आपल्याकडे परत आली, ती या नव्या रूपात.

कारखाना मुंबईत होता, हेही त्याच प्रवासात चिकटलं. कंपनीचं मुख्य ठिकाण विक्रोळी, म्हणून परदेशी बातमीदारानं ‘मुंबई’ लिहिलं असणार. पण गोदरेजचे अखेरचे टाइपरायटर शिरवळला बनत होते. पुणे-सातारा रस्त्यावर नीरा ओलांडण्याआधी नव्हे, ओलांडल्यावर लागतं ते शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. त्याच शिरवळमध्ये आज गोदरेजचे फ्रिज बनतात. हा तपशील मला क्षुल्लक वाटत नाही. विक्रोळीचं नाव कंपनीच्या इतिहासात ठसठशीत आहे, आणि ते असायलाच हवं. पण ज्या हातांनी अखेरची वर्षं ही यंत्रं जुळवली, ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात काम करत होते. ‘मुंबई’ असं लिहिलं की त्या गावाचं नाव पुसलं जातं.

आता ‘जगातला शेवटचा’.

मूळ बातमीतलं म्हणणं नीट वाचलं तर घोळ कुठे झाला ते कळतं. कंपनीचा अधिकारी बोलत होता तो कार्यालयीन टाइपरायटरबद्दल, म्हणजे टेबलावर ठेवायच्या, हातानं चालणाऱ्या, लांब कॅरेजच्या (कॅरेज म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग) वजनदार यंत्राबद्दल. इतर कारखान्यांनी ते बनवणं सोडलं, आम्ही सोडलं नव्हतं, असं तो म्हणाला. बातमी पुढे सरकली तेव्हा वाटेत ‘कार्यालयीन’ हा शब्द गळाला आणि उरलं ‘सगळ्यांनी टाइपरायटर बनवणं सोडलं’. एक विशेषण पडलं आणि वाक्याचा अर्थच फिरला.

खरी परिस्थिती काय होती? अमेरिकेत न्यू जर्सीत स्विनटेक नावाची कंपनी आहे. बातमी पसरली तेव्हा तिथल्या पत्रकारांनी या कंपनीला फोन लावले आणि उत्तर मिळालं की आमचे टाइपरायटर आशियातल्या कारखान्यांत बनताहेत आणि विकलेही जाताहेत. त्यांचा एक मोठा ग्राहक म्हणजे अमेरिकेतले तुरुंग. कैद्यांसाठी त्यांनी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कवचाचा टाइपरायटर काढला, आत काही लपवता येऊ नये म्हणून. ही विजेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं. पण तीही टाइपरायटरच.

वेल्समध्ये रेक्सम इथे जपानच्या ब्रदर कंपनीचा कारखाना १९८५ पासून टाइपरायटर बनवत होता. तिथलं अखेरचं यंत्र नोव्हेंबर २०१२ मध्ये बाहेर पडलं आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियमला देण्यात आलं. त्या एका कारखान्यानं ५९ लाख टाइपरायटर बनवले होते. शिरवळचं उत्पादन २००९ ला थांबलं, रेक्समचं २०१२ ला. मग ‘जगातला शेवटचा’ कोण? खरं म्हणजे रेक्समही नाही, कारण चीनमध्ये हातानं चालणारे छोटे टाइपरायटर त्यानंतरही बनत राहिले आणि रॉयल या जुन्या अमेरिकी नावानं विकले गेले. २०१३ मध्ये तर रशियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या यंत्रणेनं विजेवरचे वीस टाइपरायटर विकत घ्यायला काढल्याची बातमी आली होती. कागद संगणकाच्या जाळ्यात जाऊच नयेत, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं.

तेव्हा गोदरेजबद्दल प्रामाणिकपणे इतकंच म्हणता येतं की हातानं चालणारा, पूर्ण आकाराचा कार्यालयीन टाइपरायटर मोठ्या संख्येनं बनवणाऱ्या जगातल्या अखेरच्या कारखान्यांत तो होता. भारतात त्याचे स्पर्धक होते. कलकत्त्याला रेमिंग्टन रँड, मद्रासला हाल्डा बनवणारी रायला कॉर्पोरेशन आणि मद्रासलाच फॅसिट. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलंय त्यांना ही नावं यंत्रांच्या कपाळावर वाचलेली आठवतील. ते सगळे गेल्यावरही गोदरेज चालू राहिला. ही गोष्ट खरी आहे आणि तिला ‘जगातला शेवटचा’ अशा कुबड्यांची गरज नाही.

‘आशियातला पहिला’ हा दावा तर कंपनीच्या प्रेमात असलेली माणसंही करतात. मलाही तो आवडला असता. पण जपानमध्ये क्योता सुगिमोतो यांनी १९१५ साली जपानी टाइपरायटरचं पेटंट घेतलं होतं. त्यात आपल्यासारख्या कळा नव्हत्या. सुमारे २४०० खिळे, म्हणजे अक्षर कोरलेले धातूचे तुकडे, एका ताटात मांडलेले असायचे आणि हव्या त्या खिळ्यावर दांडा नेऊन तो उचलायचा. शांघायमध्येही १९२० च्या आसपास चिनी अक्षरांचे टाइपरायटर कारखान्यात बनू लागले होते. चिनी-जपानी लिपीसाठी बनलेलं यंत्र वेगळं दिसतं म्हणून ते टाइपरायटर नाही असं म्हणायचं असेल, तर मग आपली देवनागरीची यंत्रंही कुणीतरी उद्या यादीतून काढेल.

गोदरेजचं खरं ‘पहिलं’ वेगळं आहे आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. १९५५ मध्ये एका भारतीय कंपनीनं, भारतीय कारागिरांच्या हातून, भारतात टाइपरायटर बनवून दाखवला. त्यावर्षी जानेवारीत मद्रासजवळ आवडीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव जिथे झाला तेच हे अधिवेशन. तिथे हे यंत्र मांडलं होतं. पिरोजशा गोदरेज यांचे चिरंजीव नवल गोदरेज यांच्या देखरेखीखाली ते घडलं.

हे किती अवघड होतं, ते टाइपरायटर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरून दिसतात पन्नासहून कमी कळा. आत हजाराहून अधिक सुटे भाग असतात. कळ दाबली की तरफ ओढली जाते, तरफ टाइपची काडी उचलते, काडी रिबनवर आदळते आणि त्याच क्षणी दात्यांचं चाक एक दाता सोडून कॅरेजला बरोबर एका अक्षराइतकं डावीकडे जाऊ देतं. शिफ्ट दाबला की त्याच काडीवरचं दुसरं अक्षर समोर येतं. हे सगळं मिनिटाला दोन-तीनशे वेळा, रोज आठ तास, वीस वर्षं झालं पाहिजे. काडीच्या टोकाला बसवलेला खिळा केसभर जरी तिरका झाला तरी ओळीत ते अक्षर उडी मारलेलं दिसतं. म्हणून प्रत्येक यंत्र बनल्यावर एक माणूस कागदावर सगळी अक्षरं उमटवून बघायचा आणि एकेक काडी पकडीनं वाकवून ओळीत आणायचा. हे काम नजरेचं आणि हाताचं. यंत्र यंत्र जुळवू शकत नव्हतं. त्या काळी मुळात अचूक पोलादी भाग बनवण्याची सवय असलेले कारखाने देशात किती होते? गोदरेजला ती सवय कुलपं आणि तिजोऱ्यांनी लावली होती.

त्यावरून ‘पारशी-इंग्रज भागीदारी’कडे येते. बॉइस इंग्रज नव्हता. अर्देशिर गोदरेज हे वकिली सोडून धंद्यात उतरलेले गृहस्थ. शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा त्यांचा पहिला उद्योग चालला नाही. मग १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. त्यांना भांडवल दिलं मेरवानजी कामा यांनी. कामांच्या सांगण्यावरून त्यांचा एक नातलग धंद्यात भागीदार म्हणून आला. त्याचं आडनाव बॉइस आणि तोही पारशीच. काही काळानं तो बाहेर पडला, नाव मात्र पाटीवर राहिलं. नुसत्या आडनावावरून त्याला साहेब ठरवणं आणि मग ‘इंग्रजाच्या मदतीनं आशियात यंत्र आलं’ अशी गोष्ट रचणं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. अर्देशिर स्वदेशीचे कट्टर पुरस्कर्ते होते. परदेशी मालाला तोडीस तोड माल इथे बनला पाहिजे, या हट्टातून ही कंपनी निघाली.

पुढचा दावा म्हणजे ‘कंपनी काळाबरोबर बदलली नाही’. हा सर्वांत सोपा खोडायला. लालबागच्या कुलपांनंतर १९०२ ची तिजोरी, १९२३ चं पोलादी कपाट. आपल्याकडे ‘लग्नात गोदरेज दिलं’ म्हटलं की कपाट असंच समजतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत बारा लाखांहून अधिक मतपेट्या बनल्या. १९५५ चा टाइपरायटर, १९५८ चा फ्रिज. आज त्याच कंपनीत इस्रोच्या अग्निबाणांची ‘विकास’ नावाची इंजिनं बनतात. टाइपरायटर हा या घराण्याच्या उद्योगाचा एक विभाग होता, सगळा उद्योग कधीच नव्हता. तो बंद झाल्यानं कंपनी बुडाली नाही.

राहिलं ‘संगणक आला आणि टाइपरायटर संपला’. हे ऐकायला बरोबर वाटतं आणि ढोबळ मानानं ते चूकही नाही. पण मधली वीस वर्षं त्यातून नाहीशी होतात आणि मी ज्या काळात जगले, नोकरी केली, ती नेमकी हीच वर्षं.

१९९० च्या सुमारास आमच्याकडच्या बँकांत, मोठ्या कंपन्यांत संगणक दिसू लागले. तरी २००९ पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार यंत्रं शिरवळमधून बाहेर पडत होती. संगणकानं एका फटक्यात मारलेलं यंत्र वीस वर्षं खपत नाही. कोण घेत होतं? कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं: संरक्षण खातं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या. कारणं साधी होती. तालुक्याच्या गावात दिवसाचे सहा-सात तास वीज नसायची आणि टाइपरायटरला वीज लागत नाही. कोर्टात दाव्याच्या चार-पाच प्रती एकाच वेळी लागायच्या, त्या कार्बन घालून एकाच ठोक्यात निघायच्या. कोर्टाच्या आवारात, तहसील कचेरीबाहेर, स्टॅम्प व्हेंडरच्या शेजारी टेबल मांडून बसणाऱ्या माणसाला संगणक, प्रिंटर आणि वीजजोडणी यांचा खर्च परवडणारा नव्हता. त्याचं सगळं दुकान म्हणजे एक यंत्र, एक खुर्ची आणि वर छत्री.

शिवाय आपल्या लिपीचा प्रश्न होता, आणि याबद्दल तो मजकूर लिहिणाऱ्याला काहीच माहीत नसावं. देवनागरी टाइपरायटरवर नव्वदेक खुणांत सगळी बाराखडी आणि जोडाक्षरं बसवावी लागतात. म्हणून थ, भ, श यांसारख्या अक्षरांसाठी आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना द्यायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. मात्रा, उकार, अनुस्वार मारताना कॅरेज पुढे सरकत नाही, खूण अक्षराच्या वर किंवा खाली जाऊन बसते. ‘शिक्षण’ हा तीन अक्षरी शब्द बोटांना कितीतरी जास्त ठोक्यांचा. आमचे सर कळांवर पत्र्याचं झाकण ठेवायचे आणि म्हणायचे, डोळे कागदावर. सहा महिन्यांत बोटांना ते पाठ व्हायचं आणि मग विचार न करता ‘शिक्षण’ उमटायचं.

संगणकावर मराठी आली तेव्हा सुरुवातीला ती प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टमध्ये होती. एका कचेरीत टाइप केलेली फाइल दुसरीकडे उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. हाताशी आलेला मराठी मजकूर वाचता येण्याची खात्री द्यायचा तो फक्त कागद. म्हणून मराठी टंकलेखनाचं यंत्र इंग्रजी यंत्रापेक्षा जास्त काळ टेबलावर राहिलं. आजही असंख्य मराठी टंकलेखक संगणकावर जी कळपाटी वापरतात, ती टाइपरायटरच्या मांडणीवरूनच आलेली आहे. त्यांच्या बोटांत ते यंत्र अजून आहे.

आणि बातमी आली त्या २०११ नंतरही महाराष्ट्रात टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा हातानं चालणाऱ्या यंत्रांवर काही वर्षं होत राहिल्या. पुण्याची राज्य परीक्षा परिषद त्या घ्यायची आणि गावोगावच्या टायपिंग क्लासमध्ये पहाटे सहापासून बॅचा भरायच्या. परीक्षा संगणकावर गेल्या तेव्हाच त्या क्लासमधली यंत्रं भंगारात निघाली. किलोवर विकली गेली. माझ्या माहितीतल्या एका क्लासचालकानं पंधरा यंत्रं एका टेम्पोत भरून दिली आणि त्या दिवशी जेवला नाही. महाराष्ट्रात टाइपरायटर संपला तो या दिवसांत, २०११ च्या एप्रिलमध्ये नाही.

मला या मजकुराचा राग आहे तो त्यातल्या चुकांपेक्षाही त्यात एकही माणूस नाही म्हणून. त्यात कारखाना आहे, पण पकडीनं काडी वाकवणारा फिटर नाही. कंपनी आहे, पण सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून पाच तालुक्यांतल्या कचेऱ्या फिरणारा मेकॅनिक नाही. रिबन संपल्यावर तीच उलटी गुंडाळून आठवडाभर चालवणारी मुलगी नाही, आणि प्रमाणपत्र हातात आल्यावर ते देवापुढे ठेवणारी तिची आई नाही.

अखेरच्या यंत्रांपैकी बहुतेक अरबी लिपीतली होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या कारागिरांनी उजवीकडून डावीकडे लिहिणारी यंत्रं जुळवली होती. अक्षर वाचता येत नसताना ते ओळीत बसलं की नाही हे त्यांनी कसं ओळखलं असेल, हे मला कुणाकडून तरी ऐकायचंय. शिरवळच्या त्या विभागात काम केलेलं तुमच्या घरात, आळीत, नात्यात कुणी असेल, तर त्यांच्यासमोर बसा, विचारा आणि लिहून घ्या. कुठल्या भागाला काय म्हणायचे, दिवसाला किती यंत्रं निघायची, अखेरचं यंत्र कुणी तपासलं. पुढच्या वेळी तो फोटो फिरत आला की त्याच्या खाली हे लिहून पाठवता येईल.